सांध्याखालची पालवी

लिंडन हे झाड जुबैलमध्ये जगत नाही. मी हे पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. आधी इंग्रजीत सांगितलं, मग माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं, आणि आमच्या मुदीरने दोन्ही वेळा इन्शाल्ला म्हणून चहा मागवला. मुदीर म्हणजे आमच्या कॉलनीचा मॅनेजर, पन्नाशीचा सौदी, तसा सज्जन माणूस. तरुणपणी तो जर्मनीत शिकला होता. तिथे ज्या रस्त्यावर त्याची खोली होती, त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिंडनची झाडं होती, आणि उन्हाळा सुरू झाला की फुलांच्या वासाने त्याचं अभ्यासात लक्ष लागायचं नाही, असं तो सांगायचा. अरबीत या झाडाला झैझफून म्हणतात. तो शब्द तो इतक्या लाडाने उच्चारायचा की त्याच्यापुढे माती, मीठ, तापमान असले विषय काढणं म्हणजे लग्नघरात जाऊन रडण्यासारखं वाटायचं.

तरी मी काढले. लिंडनला खोल, ओलसर, थंड माती लागते. आमची कॉलनी समुद्राकाठच्या खाजण जमिनीवर भराव घालून उभी केलेली. हातभर खणलं की पांढरं मीठ दिसायला लागायचं. बागांना पाणी मिळायचं ते शुद्ध केलेलं सांडपाणी, त्यातही क्षार. शिवाय या झाडाला हिवाळ्यात गाढ झोप लागते. बरेच आठवडे कडाक्याची थंडी मिळाली तरच वसंतात त्याचे डोळे उघडतात. जुबैलचा हिवाळा म्हणजे स्वेटर घालून फोटो काढण्यापुरता. आणि उन्हाळ्यात शमाल सुटला, म्हणजे तो उत्तरेचा धुळीचा वारा, की बाभळीसुद्धा मान टाकतात.

"लिंडनला मीठ सोसत नाही, मुदीर," मी म्हणालो.

"तुला सोसलं ना?" तो हसत म्हणाला. "तूही पावसाच्याच गावाहून आलास."

मी चहा संपवला आणि उठलो. कारखान्याच्या त्या कॉलनीत क्लबपासून मशिदीपर्यंत जाणाऱ्या पायवाटेच्या दोन्ही कडांना झैझफूनची ओळ लागणार, हे ठरून गेलं होतं.

मी त्या कॉलनीच्या बागांचा प्रमुख होतो. कागदावरचा हुद्दा कृषी अभियंता. माझे वडील रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावात आंब्याची कलमं बांधायचे. मीही चड्डीत असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून तेच करायचो. पुढे शेतकीची पदवी घेतली आणि गावातले बाकीचे येतात तसा चुलत्याच्या ओळखीने सौदीत आलो. केस इथेच पांढरे झाले. लग्नानंतर बायको इथे आली, मुलगी इथेच वाढली. हे सगळं एका इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, उभं होतं, आणि त्या वर्षांत आमच्या लोकांचे इकामे गळायला लागले होते. सौदायझेशन, म्हणजे परदेशी माणूस काढून त्या जागी सौदी भरायचा, हा शब्द तसा जुनाच. तो ऐकत ऐकतच आम्ही म्हातारे झालो. पण आता ते खरोखर दारात आलं. आज अकाउंट्समधला, उद्या परचेसमधला, कुणी ना कुणी एक्झिटवर, म्हणजे कायमचा परत, जात होता. बायकामुलांच्या डोक्यावर कर बसला तेव्हा तर अख्ख्या इमारती रिकाम्या झाल्या. कचऱ्याच्या पेट्यांशेजारी चांगले सोफे, पाळणे, अभ्यासाची टेबलं उभी असायची आणि ती उचलायलाही कुणी उरलं नव्हतं. कृषी अभियंत्याचं काम यापुढे सौदी माणसानेच करायचं असं जाहीर झालं, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. राग मात्र आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मुलगी तेव्हा दहावीत होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. हे वेड नव्हतं, ती खरंच हुशार होती, पहाटे उठवावं लागत नसे. इथल्या भारतीय शाळेत अकरावीला नाव नोंदलं की बारावीही तिथूनच द्यायची. मध्येच उठून गावी गेलं तर बोर्ड बदलणार, पुन्हा अकरावीपासून सुरुवात, तीही गावाजवळ सायन्सचं कॉलेज असतं तर. आमच्या तालुक्याला ते नावापुरतंच होतं. म्हणून आम्हा नवराबायकोचं एकच गणित होतं, की तिची बारावी होईपर्यंत इथे टिकायचं. त्यानंतर आमचं काहीही होवो.

मुदीरने मला केबिनमध्ये बोलावून हे प्रकरण सरळच मांडलं. "तुझ्या जागी एक सौदी मुहंदिसा येतेय. इंजिनिअर आहे, पण हाताला कामाची सवय नाही. तिला शिकव. आणि झैझफून जगवून दाखव. लावल्यानंतरच्या दुसऱ्या वसंतात चेअरमन बाग बघायला येणार आहे. त्याला ओळी हिरव्या दिसल्या तर मी म्हणेन, हा माणूस स्पेशालिस्ट आहे, याच्या मुलीची बारावी होईपर्यंत याला हलवू नका. तेवढा शब्द मी टाकू शकतो."

तो शब्द त्याने मनापासून दिला होता. जे झाड इथे जगत नाही ते जगवण्यावर माझ्या मुलीची बारावी टांगलेली आहे, हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती चपात्या लाटत होती. "मग जगवा," ती म्हणाली. तिला त्यात अवघड काही वाटलं नाही, कारण तिने मला आजवर झाडं जगवतानाच पाहिलं होतं.

जात मीच निवडली. मुदीरला फक्त झैझफून हवं होतं, कुठलं ते त्याला ठाऊक नव्हतं. साधा लिंडन जुबैलच्या एका मे महिन्यात संपला असता. म्हणून हॉलंडच्या एका रोपवाटिकेचा कॅटलॉग चाळून मी रुपेरी लिंडन घ्यायला लावला, त्यातही शोभेची एक जात, जिचा आकार न छाटता आपोआप खाली रुंद, वर निमुळता असा नीट राहतो. पान तळहाताएवढं, बदामाच्या आकाराचं, पण देठापाशी एक बाजू वर, एक खाली, शिंप्याने घाईत कातर चालवावी तसं. वरून गर्द हिरवं आणि खालून पांढरी मऊ लव. ती लव पानातलं पाणी धरून ठेवते, म्हणून हा लिंडन आपल्या भावंडांपेक्षा ऊन आणि धूळ जरा जास्त सोसतो. वारा आला आणि पानं उलटली की सगळं झाड घटकाभर पांढरं होतं. फुलं फिकट पिवळी, एका लांबट पात्याला झुबक्याने लोंबणारी, मधमाश्यांची लाडकी. हे सगळं कॅटलॉगमध्ये होतं. शेवटी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, की ही जात बियांपासून तशीच्या तशी येत नाही, म्हणून ती साध्या लिंडनच्या खुंटावर कलम केलेली असते. म्हणजे मुळं साध्याची, वरचं झाड रुपेरी. आमच्याकडे रायवळच्या खुंटावर हापूस बांधतात, अगदी तसं. ती ओळ वाचली आणि त्या झाडाबद्दल मला पहिल्यांदा आपुलकी वाटली.

झाडं जानेवारीत आली, थंड कंटेनरमधून, पान नसलेली, झोपलेली. मुळांभोवतीचा मातीचा गोळा, ज्याला आम्ही हुंडी म्हणतो, तो गोणपाटात बांधून वर तारेची जाळी आवळलेली होती. लिंडन आणि ताग जुन्या पुस्तकांत एकाच कुळातले, आमच्या रानातली धामणही त्यातलीच. म्हणजे हे पाहुणे सख्ख्या नात्याच्या पोत्यात बसून आले होते. मी हे मोठ्या कौतुकाने माळ्यांना सांगितलं. ते सगळे मुर्शिदाबादकडचे, तागाच्याच मुलखातले. त्यांनी "अच्छा साब" म्हणून फावडी उचलली.

मुहंदिसा त्याच आठवड्यात रुजू झाली. स्वतः गाडी चालवत आली, अबायाखाली जाड तळव्यांचे बूट, डोक्यावर स्कार्फ आणि त्यावर उन्हाची टोपी. वय पंचविशीच्या आतबाहेर. मी मनातल्या मनात तिच्याशी भांडायची तयारी करून गेलो होतो, पण तिने आल्या आल्या मला उस्ताज म्हणून हाक मारली आणि खड्ड्यात उतरली. उस्ताज म्हणजे गुरुजी. माझी जागा घ्यायला आलेल्या माणसाने मला गुरुजी म्हणावं, यावर रागवायचं तरी कसं? आम्ही इंग्रजीत बोलायचो, अडलं की ती अरबीत आणि मी हिंदीत पडायचो.

तिला मी हातचं काही न राखता शिकवलं. खड्डा हुंडीच्या दुप्पट रुंद घ्यायचा, पण हुंडीपेक्षा खोल नाही, नाहीतर झाड बसतं आणि खोड मातीत जातं. तळाला खडी, म्हणजे मीठ धुऊन खाली जाईल. भोवती गोड माती. जुबैलमध्ये बिनखाऱ्या मातीला गोड माती म्हणतात आणि ती ट्रकने विकत मिळते. गोणपाट वरून सोडवायचं, हुंडी फुटू द्यायची नाही. तीन बाजूंनी काठ्या, सैल बांधलेल्या. रुंद आळं आणि त्यात खजुराच्या झावळ्यांचा भुगा. मुदीरने या झाडांसाठी पिण्याच्या पाण्याचा टँकर मंजूर केला होता, त्यावरून क्लबमध्ये चेष्टाही झाली. उजवी ओळ मी माझ्या हाताखाली ठेवली, डावी तिच्या.

"हा सांधा बघा," मी तिला खोडावरची गाठ दाखवून म्हणालो. "हा कायम मातीच्या वर राहिला पाहिजे. याच्या वरचं आपलं झाड. खालून जे फुटेल ते खुंटाचं, जंगली. ते दिसलं की लगेच खुडायचं."

"का?"

"कारण ते वरच्याचं अन्न खातं. आणि ते जोरदार असतं. एकदा मोकळं सोडलं की वरचं कलम मारून टाकतं. आमच्याकडे हापूस लावलेल्या कितीतरी घरांत पाच-सात वर्षांनी रायवळ आंबे लागतात, ते यामुळेच."

कलमं बांधणाऱ्या घरात हे कुणी शिकवत नाही, ते हाताला लागलेलंच असतं. वडील जेवायला निघालेले असोत की मशिदीत, वाटेत कलमाच्या बुडाशी पालवी दिसली की ते वाकायचे, अंगठ्याच्या नखाने ती खुडायचे आणि पुढे चालू लागायचे. पाहुण्यांच्या बागेतसुद्धा. माझंही तसंच झालं होतं.

पहिल्या वसंतात झाडं फुटली. त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं, झोप ती हॉलंडमध्येच पुरी करून आली होती. कोवळी पानं आली ती दोन्ही बाजूंनी चंदेरी, चिमुकल्या रुमालांसारखी. एप्रिलअखेर माझ्या ओळीतल्या एका झाडाला फुलंही आली, एक झुबका, तोही फांदीच्या आतल्या बाजूला लपलेला. जुम्म्याच्या सुट्टीत मी बायकोला आणि मुलीला घेऊन गेलो. बायकोने नाक जवळ नेलं आणि म्हणाली, "सुरंगीसारखा नाय, पण हाय गोड." मुलीने फोटो काढला आणि इंग्रजीत काहीतरी लिहून मैत्रिणींना पाठवला. तिची अकरावी नुकतीच सुरू झाली होती. त्या दिवशी मला वाटलं की आपण जिंकणार. आयुष्यात फार थोड्या वेळा मला असं वाटलंय, आणि दर वेळी चूक ठरलंय.

जूनमध्ये पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मी दोन्ही ओळींवर हिरवी जाळी ताणली, पहाटे आणि सूर्य कलल्यावर पानांवरची धूळ धुवायला लावली. शमालच्या बाजूने गोणपाटाचा पडदा उभारला. जुलैत पानं चुरचुरीत होऊन गळाली. ऑक्टोबरात जरा हवा निवली, तर त्यांना वाटलं वसंत आला. वेड्यासारखी पुन्हा फुटली आणि होतं नव्हतं ते बळ त्यात घालवून बसली. मग डिसेंबर आला, थंडी मात्र आली नाही. मी रोज हवामानाचा अंदाज बघायचो, आणि बाकी सगळी कॉलनी मस्त हवा आहे म्हणून अंगणात मटण भाजत होती.

दरम्यान आमच्या मजल्यावरची शेवटची दोन मराठी घरंही गेली. नाशिकचं एक कुटुंब जाताना त्यांची तुळस कुंडीसकट आमच्या दारात ठेवून गेलं, आम्ही तिचं काय करायचं ते न सांगता. मुलीच्या शाळेत अकरावीच्या दोन तुकड्यांची एक झाली. ती घरी येऊन सांगायची, आज अमुक गेली, आज तमुक गेली. "नेक्स्ट कौन?" असं त्यांचं वर्गात चालायचं, खेळल्यासारखं.

दुसऱ्या फेब्रुवारीत मी रोज सकाळी झाडांचे डोळे, म्हणजे न उमललेले कोंब, तपासायला लागलो. फांदीवरचे डोळे सुकलेल्या मिऱ्यांसारखे झाले होते. नखाने साल खरवडली की खाली हिरवं दिसायला हवं. शेंड्याला तपकिरी. मधल्या फांदीला तपकिरी. खोडाला छातीच्या उंचीवर तपकिरी. सांध्याच्या जरा वर एखाद्या झाडाला हिरवट रेघ, तीही ओलसर नाही. आणि मग एका सकाळी सांध्याच्या खाली, मातीला लागून, गुलाबी टोकांची जाड पालवी वर आलेली दिसली. एका नाही, बहुतेक सगळ्या झाडांना. खालचा खुंट अजून जिवंत होता.

मी वाकलो आणि खुडत सुटलो. विचार असा काही केला नाही. वरच्यात एखादा डोळा जरी जागा असेल तरी ते अन्न त्याला मिळालं पाहिजे, एवढंच डोक्यात. दोन दिवसांनी ती पुन्हा आली, मी पुन्हा खुडली. माझी ओळ अशी स्वच्छ होती की कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, हा कलमवाल्याचा हात. डाव्या ओळीत मात्र पालवी वाढत होती. आधी वीतभर, मग गुडघ्याएवढी, प्रत्येक वाळक्या काठीभोवती हिरव्या पानांचा घेर.

"तुम्ही खुडलं नाहीत," मी मुहंदिसाला म्हणालो. आवाज चढलेला होता, माळी वळून बघायला लागले.

"नाही."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं, उस्ताज. पण वरचं मेलंय. तुम्हीही खरवडून बघितलंय, मी पाहिलं तुम्हाला. जे एवढंच जिवंत आहे ते मी कसं मारू?"

"ते आपलं झाड नाही."

"मग ते कुणाचं आहे?" तिने विचारलं. खोचकपणा नव्हता त्यात, तिला खरंच उत्तर हवं होतं. मी तिला पुन्हा खुंट, कलम, रायवळ, हापूस सगळं ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि झारी उचलून आपल्या ओळीकडे गेली.

चेअरमनची भेट जवळ आली होती. घरी मी हे बायकोपुढे बोललो, खरं म्हणजे मुहंदिसाची तक्रार म्हणून. बायकोने मध्येच थांबवलं. "खालची पालवी ठेवली तर झाड हिरवा दिसेल ना?"

"झाड नाही दिसणार. झुडूप दिसेल. दुसऱ्याच जातीचं."

"त्या चेअरमनला जात कळतेय?"

"मला कळते."

"तुमी गावी जाऊन कळवून घ्या तुमची जात," ती म्हणाली. "पोरीची बारावी होऊदे आधी." मग जरा वेळाने, हळू आवाजात: "ठेवा ना. एवढा एक महिना हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी मी ठरवून गेलो की हात लावायचा नाही. हात पाठीशी बांधून ओळीतून चाललो. पहिल्या झाडापाशी निभावलं. दुसऱ्यापाशी सांध्याच्या अगदी खालून दोन जाड फुटवे सरळ वर निघाले होते, वाळलेल्या कलमाला दोन्ही बाजूंनी खांदा लावल्यासारखे. ते माझ्याने बघवेना. मी स्वतःला सांगितलं की हे दोनच काढू. ओळीच्या टोकाला पोचलो तेव्हा माझा अंगठा हिरवा झाला होता आणि नखात माती भरली होती. लोक याला अडेलपणा म्हणतील. मीही म्हणतो. पण आज मला त्या ओळीत नेऊन उभं केलं तरी मी वाकेन, हेही मला माहीत आहे.

चेअरमन मार्चच्या शेवटी आला. अंगात पांढरा पायघोळ थोब, चार-सहा माणसं मागे, क्लबकडून मशिदीकडे चालत. उजवीकडे माझ्या काठ्या, डावीकडे तिचे हिरवे घेर. तो थांबला, डावीकडे बघून "माशाल्ला" म्हणाला, मग त्याने उजवीकडच्या एका काठीला बोट लावून पाहिलं. मुदीरने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, काकुळती होती. त्याला मला वाचवायचं होतं आणि मी त्याच्या हातात काही दिलं नव्हतं.

"हे असं का?" चेअरमनने विचारलं.

मला गप्प बसता आलं असतं. पण मी बोललो. मी सांगितलं की उजवीकडची झाडं मेली आहेत आणि डावीकडचीही मेलीच आहेत, हे जे हिरवं दिसतंय ते खालच्या खुंटाचं आहे, ज्या जातीसाठी आपण हॉलंडहून झाडं आणली ती ही नव्हे. पुरावा म्हणून मी डाव्या ओळीतलं एक पान तोडलं आणि उलटं करून दाखवलं. रुपेरी लिंडनचं पान खालून पांढरं असतं. हे दोन्हीकडून हिरवं होतं. मुहंदिसा पलीकडे उभी होती. तिचा चेहरा उतरला, ती खाली बघत राहिली.

मुदीरने ते पान माझ्या हातातून घेतलं. उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, बोटांत चुरगाळून नाकाशी नेलं. आणि त्याचा चेहरा असा काही फुलला की मला समजेना.

"हेच," तो म्हणाला. "हेच ते. माझ्या रस्त्यावरचं. त्या झाडांना खालून पांढरं वगैरे काही नव्हतं. मला वाटायचं आपलं काहीतरी चुकतंय, हे झाड ते वाटतच नाही. हे आहे ते." मग तो चेअरमनकडे वळून अरबीत भराभरा बोलायला लागला. त्याच्या जर्मनीतल्या खोलीबद्दल असावं, कारण चेअरमन हसला आणि त्याने मुहंदिसाला जवळ बोलावून शाबासकी दिली. ती आधी माझ्याकडे बघत होती. तिला ती शाबासकी तिथे, माझ्यासमोर नको होती, एवढं मला दिसलं.

म्हणजे इतके दिवस मी जे खुडत होतो तेच त्याला हवं होतं, आणि जे जगवायला मी जिवाचं रान केलं ते त्याने कधी मागितलंच नव्हतं. तिथे उभं राहून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी टँकरचा पाइप तपासायच्या निमित्ताने बाजूला गेलो.

इकाम्याचं नूतनीकरण होणार नाही, हे मला त्यानंतरच्या आठवड्यात कळलं. मुदीरने ते स्वतः सांगितलं, डोळे चुकवत. "मी बोललो त्याच्याशी," तो म्हणाला. "तो म्हणाला, जी मुलगी झाडं जगवतेय ती असताना स्पेशालिस्ट कशाला?" मग त्याने चहा मागवला. मी तो प्यायलो. खलास.

काम सोपवायच्या दिवशी मुहंदिसाने मला डाव्या ओळीपाशी गाठलं. पानं आता मांडीपर्यंत आली होती.

"उस्ताज, जूनमध्ये यांचं काय होईल?"

"जळतील. रुपेरी टिकला नाही तिथे हा काय टिकणार?"

"मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली. मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाली, "माझी पर्मनंटची ऑर्डर मेमध्ये आहे. जळायच्या आधी."

मी तिला जाळी कधी ताणायची ते सांगितलं. आळ्यातला भुगा दुप्पट करायला सांगितला. पाणी सकाळचंच, दुपारी चुकूनही नको. ती मान हलवत होती. दोघांनाही ठाऊक होतं की यातल्या कशानेही काही होणार नाही. आमचं भांडण त्या दिवशी कुठे गेलं कोण जाणे, मला तिच्याविषयी वाईटच वाटलं. ती माझ्या मुलीपेक्षा फार मोठी नव्हती.

आम्ही एप्रिलअखेर निघालो. बारावीचे वर्ग सुरू होऊन काही दिवस झाले होते. शाळेतून दाखला आणायला मुलगी माझ्याबरोबर आली. ऑफिसमधल्या बाईंनी विचारलं, आता कुठे ॲडमिशन? मी म्हटलं, बघू, गावी गेल्यावर. मुलगी बाहेरच्या भिंतीवर लावलेले जुन्या तुकड्यांचे फोटो बघत उभी राहिली. ती आमच्याशी हिंदीत नाहीतर इंग्रजीत बोलायची. तिला मराठी कळायचं सगळं, पण बोलायची नाही, लाजायची. परत येताना गाडीत दाखला तिच्या मांडीवर होता. ती अचानक मराठीत बोलली, शब्द जुळवत जुळवत, तिच्या आईच्या हेलात.

"अब्बा, तुमी ती पानं खुडली नसती तर आपण राहिलो असतो?"

सिग्नल लाल होता. मला सांगता आलं असतं की नाही, बेटा, ते काही त्याच्यावर नव्हतं, वरूनच ठरलेलं होतं. मुदीरचा शब्द खरा होता की नाही कोण सांगणार, कायदा कायदा असतो. तिने ते मानलंही असतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"राहिलो असतो," मी म्हणालो.

ती सीटवर सरळ बसली, पट्टा नीट केला आणि समोर बघायला लागली. त्यानंतर ती मराठीत कधीच बोलली नाही.